सात भागांतली गोदा

आमच्या वर्गात मुली सातच. पण आमचे किस्से म्हणजे तुरीच्या शेंगा सोलण्यासारखं आहे. पहिली शेंग फोडली की टोपली संपेपर्यंत हात थांबत नाही! मी शांती. मला चारचौघांत बोलवत नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

घाटनांदूर हैदराबाद संस्थानात, म्हणून सरकारी शाळेत सगळं उर्दूत. आमची शाळा खासगी, मराठी, एका अडत्याच्या रिकाम्या कोठारात भरणारी. मुलींना सरकारची इजाजत सहावीपर्यंतच. मागच्या साली इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले, तेव्हा आम्ही सातही जणींनी प्रत्येक उत्तर एका सुरात, एका दमात म्हणून दाखवलं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'मुली पाठ उत्तम करतात. स्वतःचा विचार दिसत नाही.' झालं! सातवीची इजाजत लटकली.

आणि सातवी नाही म्हणजे शाळा संपली. शाळा संपली म्हणजे घरी लग्नाची बोलणी सुरू. हे आम्हाला कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं, तरी येत होतं.

गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी पाठांतर बंद केलं, एक कादंबरी काढली आणि तिची गोष्ट तोंडी सांगितली. तिच्यात गोदा नावाची सून आहे. भरलं घर, कशाला कमी नाही. एके सकाळी ती किल्ल्यांचा जुडगा देवापुढं ठेवते आणि भावाकडं निघून जाते. का, ते लेखकानं सांगितलेलंच नाही!

"तेच तुम्ही लिहायचं," गुरुजी म्हणाले. "साहेब पुन्हा येतील, तेव्हा त्यांच्यापुढं तुमचा निबंध, तुमचं मत."

* * *

पहिला निबंध लिहिला काशीनं. काशी धनगराची. घरी दीडशे मेंढरं, आणि आवाज दीडशे मेंढरांना पुरणारा. तिनं आठ पानं भरून आणली. गोदाचं लग्न, गोदाचं सासर, गोदाची म्हैस, सगळं.

गुरुजी म्हणाले, "काशे, ही तर नुसती गोष्ट झाली. गोष्ट मलाही ठाऊक आहे. तुझं मत कुठं आहे?"

काशी म्हणाली, "गुरुजी, घरी माजं मत कुनी कदी इचारलंच न्हाई. ते आसं येकदम शाळंत कुठून आनू?"

गुरुजींनी तिला शिक्षा केली नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी हजेरीच्या आधी ते काशीला काहीतरी विचारायचे. आज ऊन जास्त की काल? फळा बरा की पाटी? आठवड्यात काशीला इतकी मतं झाली, की हजेरीला उशीर व्हायला लागला!

* * *

गुरुजींचा दुसरा नियम म्हणजे पुरावा. काहीही लिहा, ते लगेच विचारणार, "कोणत्या पानावर?"

देशमुखांच्या सुंदरानं लिहिलं, 'गोदाची सासू दुष्ट होती.'

"कोणत्या पानावर?"

सुंदरा म्हणाली, "गुरुजी, सासू म्हटल्यावर पान कशाला लागतं?"

पुढं आम्हाला त्याची सवयच लागली. "माझी चिंच तूच खाल्लीस!" "कोणत्या पानावर?" असं चालायचं. चिंच गेलेलीच असायची, पण पुरावा नसल्यामुळं ती कुणी खाल्लेली नसायची.

* * *

आता खरा घोटाळा. पुस्तक एकच, वाचणाऱ्या सात! गुरुजींनी शिवणीचा दोरा कापून पुस्तकाचे सात भाग केले आणि एकीला एक दिला. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला, ते आपसांत बदलायचे, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांच्या मनातच राहिलं. आम्हाला वाटलं, प्रत्येकीनं आपल्या वाट्यावर निबंध लिहायचा. लिहिला!

सुंदराकडं दुसरा भाग. तिनं लिहिलं, 'गोदा मुकी असावी.'

काशी उसळली, "मुकी? आगं, चवथ्या भागात सासऱ्याला धा वाक्यं सुनावलीत तिनं!"

"ती दुसरी कोणी असेल."

"गोदाच हाय!"

"कोणत्या पानावर?"

काशीनं अख्खा चौथा भागच तिच्या मांडीवर आपटला. गुरुजी पोट धरून हसले. म्हणाले, "एक सून, सातजणींच्या सात गोदा! आता भाग फिरवा, आणि सगळ्या मिळून एक बाई शोधून काढा."

* * *

मी घरी सहावा भाग आईला वाचून दाखवत होते. आईला अक्षर येत नाही. ती शेंगा सोलत ऐकत होती. मधेच म्हणाली, "त्या घरात तिला गोदा म्हनतंय कोन गं?"

"म्हणजे?"

"समदी सूनबाई, वैनी, धाकटी करत्यात. मला तरी हितं आल्यापासून नावानं हाक कुनी मारली? माहेरी मी गजरा होते. तुला तरी ठावं होतं का?"

मला ठाऊक नव्हतं. पुढचे तीन जुम्मे मी सातही भाग गोळा करून त्या घरातल्या हाका मोजल्या.

* * *

निबंध झाला, पण मोठ्यानं वाचणार कोण? माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. गुरुजींनी तोड काढली. मी दाराआड उभं राहून वाचायचं, वर्गानं आत बसून ऐकायचं.

काशी म्हणाली, "शांतीपरास दार लई शानं हाय बगा!"

* * *

आणि साहेब आले. हैदराबादचे, पण मराठी चांगलं जाणणारे. आमच्या निबंधांच्या वह्या गोळा होईपर्यंत त्यांनी सहज म्हणून सहावा भाग उचलला आणि वाचत बसले. मग माझं नाव पुकारलं. मी सवयीनं दाराकडं निघाले.

"दार नको," साहेब म्हणाले. "समोर या."

मी दाराकडं पाठ करून कागद उघडला. मी वाचलं, 'गोदाला घरात सूनबाई, वहिनी, धाकटी अशा हाका आहेत. गोदा ही हाक त्या घरात एकदाच ऐकू येते. भावाचं पत्र दीर मोठ्यानं वाचतो, तेव्हा. पान एकशे बारा. दुसऱ्या सकाळी ती किल्ल्या ठेवते. मला वाटतं, त्या हाकेच्या मागोमाग ती गेली.'

साहेबांनी पान एकशे बारा काढलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग मान हलवून म्हणाले, "हे गुरुजींनी लिहून दिलेलं आहे. मुलींना इतकं सुचत नाही."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या पानावर, साहेब?"

गुरुजींनी डोळे मिटले. काशीनं मागून माझा पदर घट्ट धरला.  साहेबांनी शेरेबुकाचं मागच्या सालचं पान उलटून काढलं आणि त्यातली शेवटची ओळ खोडायला लेखणी मागितली.

बाहेर टांगेवाला गाडीची वेळ झाली म्हणून हाका मारत होता. साहेब उठले. "शेवटचा भाग कुणाकडं आहे?"

सुंदरानं दिला. साहेबांनी तो कोटाच्या खिशात घातला.

"पुढच्या साली सातवीच्या तपासणीला येईन," ते म्हणाले, "तेव्हा परत देईन."

टांगा हलला, तशी काशी उंबऱ्यावर धावली आणि दीडशे मेंढरांना पुरेल अशा आवाजात ओरडली, "सायेब, वाचून झाल्यावर निस्ती गोष्ट लिहू नका! मत पायजे!"