दहावीच्या वर्षातलं अवांतर वाचन

नववीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, की आता दहावी होईपर्यंत गोष्टीची पुस्तकं बंद. शाळेत पालकांच्या सभेत बाईंनी 'अवांतर वाचन कमी करा' असं सांगितलं होतं. त्यातला 'कमी' वाटेत कुठेतरी गळून पडला आणि घरी पोचेपर्यंत नुसतं 'बंद' उरलं. मी रडले, जेवणार नाही म्हणाले, मग भूक लागली म्हणून जेवले. निर्णय काही बदलला नाही.

कांदिवली स्टेशनजवळ एका जिन्याखाली सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. एका वेळी एक पुस्तक मिळे. मी ते चालता चालताच सुरू करायचे आणि पूर्वेला आमच्या चाळीपर्यंत पोचता पोचता पहिलं प्रकरण संपलेलं असायचं. एका सायकलवाल्याने मला एकदा वाचवलं आणि वर शिव्याही घातल्या. माझी मतं फार पक्की होती. सूर्योदयाने सुरू होणारं पुस्तक मी परत ठेवायचे. नायिका पहिल्याच पानावर खिडकीशी उभी असेल, तर ती शेवटपर्यंत तिथून हलत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक झालं होतं.

माझी मुख्य तक्रार वेगळीच होती. पुस्तकातली माणसं राहायची तरी कुठे? त्यांच्या घराला फाटक असे, अंगणात प्राजक्त असे, चहा ट्रेमधून येई. नळाला पाणी किती वाजता येतं, हे कोणी कोणाला विचारत नसे. कांदिवलीत राहणारं एकही माणूस मला पुस्तकात भेटलं नव्हतं. तरी मी वाचत सुटायचे, कारण ती माणसं रागावली की पानभर बोलायची आणि मधेच त्यांना दळण आणायला कोणी पिटाळायचं नाही. याचा मला फार हेवा वाटे.

आमची एक खोली. बाबा परळच्या एका गिरणीत होते. संप झाला, लांबला, आणि संपला असं कोणी सांगितलंच नाही. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही एवढंच. नंतर त्यांना जवळच्याच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. पाळी बहुतेक रात्रीची. सकाळी येऊन, जेवून, ते खोलीच्या कोपऱ्यातल्या कॉटवर झोपत. आईने जुन्या लुगड्याचा पडदा केला होता. संपाच्या काळात घरी येणारा पेपर बंद झाला होता, तो नोकरी लागल्यावरही बाबांनी सुरू केला नाही. गिरणीचं नावही काढत नसत. पूर्वी तेच मला पेपर मोठ्याने वाचायला लावायचे आणि अडखळले की टपली मारायचे.

दुपारी पडद्याच्या अलीकडे तीन बायकांचा कारखाना चाले. मालाडचा एक व्यापारी खोट्या मोत्यांच्या पिशव्या देऊन जायचा. त्यांच्या माळा ओवून द्यायच्या. आई, पलीकडच्या खोलीतल्या मावशी आणि समोरची नवी वहिनी, अशा तिघी ताटात मोती घेऊन बसायच्या. मावशी परभणीकडच्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्यापुढे बोलताना मी जपून बोलायचे. वहिनी चिपळूणची, सातवी झालेली, लाजाळू.

बंदी आली तेव्हा लायब्ररीतलं एक पुस्तक माझ्याकडे अर्धं राहिलं होतं. मी ते दप्तरात दडवून ठेवलेलं आईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेतले दहावीचे सुट्टीतले सकाळचे वर्ग करून मी एक वाजता घरी आले, तेव्हा ती मोती ओवता ओवता म्हणाली, की आमचे हात अडकलेत, तू ते पुस्तक आम्हाला वाचून दाखव. मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"तू कुठे वाचतेयस?" आई म्हणाली. "आम्ही ऐकतोय. तू नुसतं तोंड हलव."

आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हिने वकिली केली असती तर कांदिवलीतले सगळे खटले हिनेच जिंकले असते. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण ते झोपलेले होते. मी हळू आवाजात सुरुवात केली.

मोठ्याने वाचायला लागल्यावर कळलं, की आजवर मी पुस्तकं नुसती गिळत होते. एकटीने वाचताना कंटाळवाणी पानं मी उडवायचे. आता तसं करायची सोय नव्हती. मावशींच्या ते लगेच लक्षात यायचं. "मधलं काय खाल्लंस गं?" असं त्या विचारायच्या. शिवाय गोष्टीत नवं माणूस आलं, की त्यांचा ठरलेला प्रश्न असे: याला कामधंदा काय? दोन पानांत उत्तर मिळालं नाही, तर तो माणूस त्यांच्या मनातून उतरायचा. एक नायक तर तीनशे पानं नुसता उदास होता. मावशींनी त्याला 'बसल्या जागी खाणारा' असं नाव ठेवलं, आणि त्याने शेवटी नायिकेला सोडलं तेव्हा तिघींना हायसं वाटलं. वहिनीला मात्र प्रेमाचे प्रसंग हवे असत. ते आले की ती मान खाली घालून भराभर ओवायची आणि तिच्या माळा त्या दिवशी जास्त व्हायच्या.

एकदा एका कादंबरीत मुलगी घर सोडून निघते, असा प्रसंग होता. मी रंगात येऊन वाचत होते आणि माझ्या लक्षात आलं, की खोलीत फार शांत वाटतंय. पडद्यामागचं घोरणं थांबलं होतं. मी घाबरून गप्प झाले. घोरणं सुरू झालं. मी पुन्हा वाचायला लागले. दोन ओळींनंतर ते पुन्हा थांबलं. मी आईकडे पाहिलं. तिने मान वर न करता मला पुढे वाचायची खूण केली. तेव्हापासून मी थोड्या मोठ्या आवाजात वाचू लागले. पुस्तकं निवडतानाही मी पडद्यापलीकडचा विचार करायला लागले: फार रडारड नको, कोर्टकचेरी असेल तर उत्तम. कोर्टातल्या प्रसंगाला तर कॉट करकरायची. आम्ही कोणीच त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मग सहामाहीचा निकाल आला. बीजगणितात मी काठावर पास होते, भूमितीत काठाच्या खाली. बाबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली आणि शांतपणे सांगितलं, की उद्या ते लायब्ररीचं कार्ड परत करून ये. दुपारचं वाचनही बंद. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, हे त्यांनी एका वाक्यात कबूल केलं आणि त्याच वाक्यात ते संपवूनही टाकलं. माझं डोकं फिरलं.

"मग तुम्ही घोरायचं का थांबवत होतात?" मी विचारलं.

आईची भाकरी तव्यावरच करपली. बाबांनी डबा उचलला, चपला घातल्या आणि पाळीला निघून गेले. मी असं बोलायला नको होतं असं सगळ्यांनी मला सांगितलं. मला अजूनही तसं वाटत नाही.

कार्ड मी परत केलं. लायब्ररीवाले काका म्हणाले, दहावी का, म्हणजे आता तू थेट उन्हाळ्यात. जिन्याखालून बाहेर पडताना मला पोरकं वाटलं. हे अतिशयोक्तीचं वाटेल, पण पंधराव्या वर्षी मला खरंच असं वाटत होतं की जगण्यासारखं जे काही आहे ते त्या जिन्याखाली आहे, आणि तिथे मला कोणी येऊ देत नाही.

दुपारी तिघी बसायच्या, पण बोलणं जमेना. तिघींनाही सवय लागली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी मावशी वैतागल्या. पुस्तक म्हणजे पुस्तक, म्हणाल्या, शाळेचं असलं म्हणून काय झालं, तेच वाच. बाबांना त्यावर काही बोलता येण्यासारखं नव्हतं. मी विज्ञानापासून सुरुवात केली. पचनसंस्था तिघींना आवडली. भूगोलात पावसाचे वारे वाचताना वहिनीला तिचं गाव आठवलं. बीजगणित वाचून दाखवता येत नाही असं मी म्हणाले, तर मावशी म्हणाल्या, मग आम्हाला समजावून सांग. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या का राहिल्या पाहिजेत हे त्यांना मोत्यांनी समजावताना ते मलाच पहिल्यांदा समजलं. पडद्यामागे घोरणं मात्र आता एकसारखं चाले. माझ्या पाठ्यपुस्तकात कोर्टकचेरी नव्हती.

इतिहासात मावशींचा ठरलेला प्रश्न चांगलाच चालला. राजांना कामधंदा काय, हे त्यांनी प्रत्येक राजाबद्दल विचारलं. असं करत करत आम्ही उद्योगधंद्यांच्या धड्यापाशी आलो. मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या, आसपासच्या मुलखातून माणसं कामाला आली, अशा अर्थाचं दीड वाक्य होतं. पुढच्या वाक्यात लगेच रेल्वे सुरू झाली. मीही त्याच वेगाने पुढे गेले.

"येवढाच लिवलाहा?"

आवाज पडद्यामागून आला. घोरणं कधी थांबलं ते मला कळलंच नव्हतं. बाबा एरवी आमच्याशी साधं मराठी बोलत. झोपेत किंवा रागात असले की मालवणी यायची. आता ते झोपेत नव्हते. मी हो म्हणाले. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. परत वाचायलाही काही वेळ लागला नाही.

पडदा सरला. बाबा बनियन-लुंगीवर बाहेर आले आणि भिंतीला पाठ टेकून बसले. वहिनीने घाईने पदर घेतला. मला वाटलं, पुस्तक हातातून घेतील आणि सगळ्याच वाचनाचा निकाल लावतील. ते पुस्तकाकडे बघतच नव्हते.

त्यांनी आपला गिरणीतला पहिला दिवस सांगितला. सतरा वर्षांचे होते. मामाने गावाहून बोलावून घेतलं होतं आणि सांगितलं होतं, खात्यात ये, मी आत आहेच. आत गेले तर कापसाच्या उडत्या तंतूंनी सगळेच पांढरे. एक म्हातारा यंत्राशी उभा होता. बाबांनी त्याच्या पाया पडून विचारलं, आमचे मामा कुठे भेटतील? म्हातारा हसायला लागला. तोच मामा होता, आणि तो तेव्हा पस्तिशीतही नव्हता. "संध्याकाळी तोंड धुवून बाहेर आलो," बाबा म्हणाले, "तेव्हा मामा पुन्हा तरणा झाला. आणि मला वाटलं, हे झकास काम आहे. रोज म्हातारं व्हायचं आणि रोज तरणं व्हायचं."

तिघी हसल्या. मी मात्र हसता हसता थांबले. गिरणी गेल्यापासून बाबा घरात एवढं सलग कधी बोललेच नव्हते, आणि ती गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या बाबांची गोष्ट, जिच्यात फाटक नव्हतं आणि प्राजक्तही नव्हता.

"मग?" मावशींनी विचारलं.

मग बाबांनी पुढचं सांगितलं. मामाने त्यांना यंत्रावर कसं उभं केलं, जेवणाच्या सुट्टीत डबे कसे उघडायचे, भजनाला कोण बसायचं. संपाबद्दल ते शेवटी बोलले, अगदी थोडं. सुरुवातीला सणासारखं वाटलं होतं, म्हणाले. मग मामा गावी गेला तो परत आला नाही. मावशींनी ओवणं थांबवलं होतं. माळा अर्धवट राहिल्या आणि कोणी घाई केली नाही.

मग बाबा माझ्याकडे वळले.

"खंयच्यातरी पुस्तकात असतलाच गो. बघ तुझ्या त्या लायब्ररीत."

मी म्हणाले, कार्ड परत केलंय. ते म्हणाले, मग नवं कर. एवढं बोलून ते मोरीत तोंड धुवायला गेले. आईने माझ्याकडे पाहिलं; तिने हसू दाबलेलं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी सरळ जिन्याखाली. मी काकांना सांगितलं, गिरणीतल्या माणसांचं पुस्तक हवंय. काकांनी चष्मा वर केला. राजाचं चालेल का, म्हणाले, राजांची खूप आहेत. मी हटले नाही. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदाच टेबलाच्या आत घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून एकेक फळी पाहिली. शेवटी काकांना आठवलं. तसं एक होतं, म्हणाले, पण कोणीतरी नेलंय आणि अजून परत आणलेलं नाही.

घरी आले तेव्हा बाबा नुकतेच उठून चहा पीत होते. मी घाबरतच सांगितलं, की पुस्तक आहे, पण ते कोणाकडे तरी गेलंय. मला वाटलं, झालं, वाट लागली, आता कार्ड पुन्हा परत करायला लावतील. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"म्हणजे कोणतरी वाचताहा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "मगे तू रोज जाऊन बघ, इला काय ता."

आणि दहावीच्या वर्षात, खुद्द बाबांच्या हुकमाने, मी रोज लायब्ररीत जाऊ लागले.