उजवीकडची सीट

सकाळी फिरायला भेटणारे मित्र विचारतात, "अहो, हे सगळं तुमच्याच बाबतीत कसं काय घडतं?" मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, धीट माणसांकडे किस्से नसतात. ती घरून निघतात आणि पोचतात. घाबरणाऱ्याचं तसं नाही. तो चपला घालेपर्यंतच दोन किस्से होऊन बसतात! सत्तरी ओलांडल्यावर मी गाडी शिकलो. 'शिकलो' म्हणावं का, याबद्दल माझं स्वतःशी अजून एकमत झालेलं नाही. किस्से मात्र भरपूर साठले.

*

मुळात आमच्या घरी गाडी चालवायची ती वसुधा, माझी बायको. मी तिच्या डावीकडे बसायचो. समोर काही आडवं आलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे ब्रेक नसतो हे मला माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूच्या मॅटला चांगला खळगा पडला. वसुधा तो पाहुण्यांना दाखवायची. "ही ह्यांची तपश्चर्या!"

दर गुरुवारी ती गाडी काढून विश्रांतवाडीला मालूताईंकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, भांडायला जायची. मालूताई बरीच वर्षं पलंगावर आहेत. औषध द्यायला त्यांच्याकडे माणसं आहेत, भांडायला फक्त वसुधा.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी वसुधाला सांगितलं, स्टीअरिंगला हात लावायचा नाही. मग ती एकदा टॅक्सीने गेली. गिअर कधी बदलायचा हे ती ड्रायव्हरला मागून सांगत राहिली. अर्ध्या वाटेत, संगमवाडीला, त्याने हात जोडले. "आजी, इथेच उतरता का?"

त्यानंतर गुरुवार बंद झाले. गुरुवारी दुपारी ती साडी बदलायची, गाडीची किल्ली पर्समध्ये टाकायची आणि पर्स मांडीवर घेऊन नुसती बसून राहायची. मला ते बघवेना.

"मी शिकतो," मी म्हटलं.

"काय?"

"गाडी."

"अहो, मालूताई आहे तोवर शिकून होईल?"

*

कर्वेनगरपासून वारज्यापर्यंतची सगळी ड्रायव्हिंग स्कूल मी पालथी घातली. एका ठिकाणी त्यांनी नातवाचं वय विचारलं. मी म्हटलं, शिकणारा मीच आहे. ते म्हणाले, "मग घरातल्या कुणाला तरी घेऊन या."

दुसऱ्या ठिकाणी मी विचारलं, "आपली शिकवण्याची पद्धत काय?"

"समोर बघायचं," मालक म्हणाले, आणि स्वतः मोबाइलमध्ये बघू लागले.

तिसऱ्या ठिकाणी शैलाताई भेटल्या. मूळच्या वारज्याच्याच. घरची शेती होती तेव्हा ट्रॅक्टर चालवायच्या. शेतावर इमारती आल्या तेव्हा माणसांना गाडी शिकवायला लागल्या. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला फार भीती वाटते हो."

"मग जमंल सर. जे भीत न्हाईत त्यांच्या शेजारी बसायला मला भीती वाटती."

त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलं होतं, 'शिकाऊ चालक. आपल्या हॉर्नमुळे आमचं शिक्षण लवकर संपणार नाही.' एवढं वाचलं आणि मी नाव घातलं.

*

लर्निंग लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर होती. मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, पीएचडीही त्यातच केली. त्यामुळे परीक्षेचं काही वाटत नव्हतं. पहिला प्रश्न आला: अरुंद पुलावर समोरून वाहन येत असेल तर काय कराल? खाली तीन पर्याय. मी विचार करू लागलो. अरुंद म्हणजे किती अरुंद? येणारं वाहन सायकल असेल तर? तेवढ्यात वेळ संपली आणि दुसरा प्रश्न आला. शेवटपर्यंत हेच चाललं. जन्मात पहिल्यांदा नापास झालो!

खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मला नीट निरखलं. "काका, काय करत होतात आधी?"

"तर्कशास्त्र शिकवायचो."

"तरीच!"

पुन्हा गेलो तेव्हा अजिबात विचार केला नाही. पास!

*

घरी सराव मी खुर्चीवर बसून करायचो. हातात स्टीअरिंग म्हणून परात, पायाशी तीन चपला: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. शेजारी वसुधा कानाला रेडिओ लावून बसायची आणि मध्येच ओरडायची, "कुत्रं!"

मी जीव खाऊन चप्पल दाबायचो. मग ती वाकून, डोळे बारीक करून माझ्या पायाकडे बघायची.

"ही ॲक्सिलरेटरची. गेलं बिचारं."

रोज संध्याकाळी निदान एक तरी जायचं. शेवटी समोरच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही कुत्रं पाळलंय का हो?"

"पाळून परवडत नाही," वसुधा म्हणाली. "रोज नवं लागतं."

*

माझ्याबरोबर मृणाल शिकायला होती. अकोल्याची मुलगी, इथे आयटीत नोकरीला. आम्ही आळीपाळीने चालवायचो. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसून देवाचं नाव घ्यायचं. एकदा वारज्याच्या पुलाखाली सिग्नल सुटला आणि मृणालने गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा कल्लोळ! मागच्या सीटवर मी घामाघूम. मृणाल मात्र शांत.

"काऊन टेन्शन घेता सर? ताई, एकदा रीस्टार्ट मारून पाहू का?"

"मार की," शैलाताई म्हणाल्या. "निम्मं काम झालंच हाय."

*

एकदा गल्लीच्या तोंडाशी माझ्याच वयाचे एक गृहस्थ रस्ता ओलांडायला उभे होते. मी गाडी थांबवली आणि हाताने म्हटलं, या. त्यांनी हाताने म्हटलं, आपण आधी. मी पुन्हा म्हटलं, छे, आपणच. असं बराच वेळ चाललं. मागे रिक्षांची रांग लागली. शेवटी ते गृहस्थ सावकाश माझ्या खिडकीशी आले आणि वाकून म्हणाले, "जायचं नव्हतं, तर गाडी कशाला बाहेर काढलीत?"

*

शिकवणीच्या गाडीत शैलाताईंच्या पायाशीही एक ब्रेक होता. माझ्या सगळ्या चिंतेचं मूळ ते! एकदा रिक्षा अचानक आडवी आली आणि आमची गाडी झकास थांबली. मी खूश. "बघितलंत ताई? वेळेवर दाबला की नाही?"

"सर, तुमचा पाय अजून निघायचाय."

तेव्हापासून मनात शंका बसली ती बसलीच. मैदानात गाडी फिरवून दाखवायची परीक्षा मी एकट्याने पास झालो हे खरं. पण मैदानात रिक्षा नसतात. पेढे घेऊन शैलाताईंकडे गेलो आणि विचारलं, "ताई, अगदी खरं सांगा. रस्त्यावर गाडी बहुतेक वेळा कोणी थांबवली? मी, की तुम्ही?"

त्यांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. बोटं पुसली.

"गोड हाय," म्हणाल्या.

*

मग गुरुवार आला.

आमची गाडी. शेजारी दुसरा ब्रेक नाही. वसुधा सवयीने उजव्या दाराशी गेली, थांबली, आणि वळसा घालून डावीकडे येऊन बसली. पर्समधून किल्ली काढून तिने माझ्यापुढे धरली. मी घेतली, पण तिने जरा उशिरा सोडली.

संगमवाडी आली. "परत फिरायचं का?" असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण परत फिरायचं तर यू-टर्न घ्यावा लागतो!

विश्रांतवाडी जवळ आली आणि वसुधा ओरडली, "कुत्रं!"

या वेळी खरंच होतं. गाडी थांबली. कुत्रं हातभर अंतरावर उभं राहिलं. त्याने अंग झटकलं, आमच्याकडे नापसंतीने पाहिलं आणि पलीकडच्या टपरीखाली जाऊन झोपलं.

मी खाली वाकून बघितलं. माझा पाय ब्रेकवर होता. पुन्हा बघितलं. ब्रेकवरच होता. मग डावीकडे बघितलं. वसुधाची चप्पल मॅटच्या त्या खळग्यात गच्च रुतली होती.

"चला," ती म्हणाली. "मागचे हॉर्न देतायत."

मालूताईंनी पलंगावरूनच सुरुवात केली. "आलीस? मला वाटलं, गेलीस."

"तुझ्या आधी? बरी जाईन!"

"आलीस कशाने? टॅक्सीने?"

"आपल्या गाडीने."

मालूताई उशीवरून अर्ध्या उठल्या. "डॉक्टर नको म्हणालेत ना तुला? मग गाडी चालवली कोणी?"

वसुधा खुर्ची ओढून पलंगाशी बसली. पदर सावरला. पर्स मांडीवर घेतली.

"कोणी म्हणजे? मीच. हे नुसते उजवीकडे बसले होते."