टोवेला न गेलेलं उत्तर

डेन्मार्कमधल्या नाकस्कोव गावाला गेर्डा राउनकिल्ड ठाऊक होती ती सायकलवरची गेर्डा म्हणून. बावीस वर्षं तिनं घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, पायांत मोजे चढवले, जेवू घातलं. टोवे तिची जोडीदारीण. अंगानं जड माणूस उचलायचा तर एकीनं खांदे धरायचे, दुसरीनं पाय.

युनियनची कामं करता करता गेर्डा संसदेत गेली आणि पुढे समाजकल्याण मंत्री झाली. निघायच्या दिवशी टोवेनं दम भरला, "कोपनहेगनला जाऊन साहेबी बोलायला लागलीस ना, तर कान उपटीन!"

"तुझी आई इथल्या वृद्धाश्रमात आहे, टोवे. मी विसरेन होय?"

दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, टोवेचं पत्र आलं. वृद्धाश्रमात अख्ख्या मजल्याची देखभाल करायला एकच बाई उरली होती. पडून पडून आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. ‘एकदा येऊन बघ,’ एवढंच मागणं. गेर्डानं ते उभ्याउभ्या वाचलं. अर्थसंकल्पाची ओढाताण चालली होती. टोवेला पाठवायच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर तिनं दोन ओळी खरडल्या, ‘पत्र पोचलं. सविस्तर लिहिते.’ ते लिहिणं राहिलंच. मग उशिराची लाज वाटू लागली, आणि लाजेपायी आणखी उशीर झाला.

मार्चमध्ये टोवेची आई गेली. जखमा चिघळल्या होत्या. वर्तमानपत्रांत बभ्रा झाला. संसदेत विरोधकांनी विचारलं, "मंत्र्यांना याची कल्पना होती का?"

गेर्डा उठली. ‘होती’ हे तोंडाशी आलं होतं. पण मैत्रिणीचं पत्र वाचून गप्प बसले, हे सगळ्या देशासमोर कसं सांगायचं? "मला कुणी काही कळवलं नव्हतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्याच दिवशी टोवेकडचं ते शुभेच्छापत्र पेपरात छापून आलं. अक्षर तिचंच होतं. तिसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला.

गावी परतून तिनं जुनंच काम मागितलं. नगरपालिकेनं कुरकुरत दिलं. काही दारं तिच्या तोंडावर बंद झाली. बीटाच्या शेतांत राबलेला म्हातारा वाल्डेमार तेवढा हसला. "मंत्रीणबाईंच्या हातची आंघोळ! नशीब काढलं म्हणायचं. पाणी मात्र कढत हवं हं."

महिनाभरानं धीर करून ती टोवेकडे गेली. टोवेनं आत घेतलं, कॉफी ओतली, पण स्वतः बसली नाही.

"तू कामात बुडालीस, मी समजून घेतलं असतं," टोवे म्हणाली. "आई गेली, तेही सोसलं. पण ‘कुणी कळवलं नव्हतं’ म्हणालीस. म्हणजे मी आईसाठी चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, असंच ना?"

"मला लाज वाटली गं."

"मग माझ्यापाशी येऊन लाजायचंस. तिथं संसदेत कशाला?"

गेर्डानं कॉफी संपवली, कप विसळून पालथा घातला.

त्यानंतर सात वर्षं दोघी त्याच गावात तेच काम करत होत्या. कामं वाटणारी बाई त्यांना एका घरी कधी पाठवत नसे. जड माणूस उचलायचा असला की गेर्डाबरोबर कुणीतरी नवी पोरगी असायची. गेर्डा तिला खांदे कसे धरायचे ते शिकवायची.