हातात दिलेली सुरी
सुरीला धार लावताना ओल्या दगडाचा वास आला की तेल अवीवचं ते पंचवीस वर्षांपूर्वीचं हॉटेल-सामानाचं प्रदर्शन आठवतं. तेव्हा आम्ही राहायचो त्या अश्केलोन शहरात मी आणि धाकटी जाऊ मिळून लग्नांची जेवणं करायचो. प्रदर्शनाला गेलो तोवर आमचं बोलणं तुटलेलं, पण धंद्यासाठी सुऱ्या दोघींना हव्या होत्या. आमच्या मराठी घरांत सुरी कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. जावेने मासे कापायची लांब सुरी निवडली आणि थेट माझ्यापुढे धरली. "खाली ठेव गं!" मी ओरडले. "आता भांडायचं काय राहिलंय?" ती मुद्दाम हिब्रूत म्हणाली, विक्रेत्याला कळावं म्हणून. तो फिदीफिदी हसला. मी सुरी घेतली आणि तशीच तिच्या हातात परत दिली. आमचा धंदा तिथेच मोडला. आता सुनेला सुरी देताना मी ओट्यावर ठेवते. तिच्याशी मला बोलायचं असतं.