अलमेलुबाईंसारखी न दिसणारी लक्ष्मी

तंजावुरात शेषाद्रीरावांच्या हातची लक्ष्मी ओळखायला मागची सही पाहावी लागत नाही. ती त्यांच्या बायकोसारखी दिसते. तेच भरलेले गाल, आणि तेच सरळ समोर पाहणारे तृप्त, जरासे झोपाळू डोळे. अलमेलुबाई स्वतःच म्हणतात, "अर्ध्या गावाच्या देवघरात मी बसले आहे, पण नैवेद्याचा स्वयंपाक काही मला चुकला नाही."

राजवाड्यामागच्या गल्लीत शेषाद्रीरावांचे घर आहे. घराच्या पुढच्या खोलीत तंजावुरी चित्रे तयार होतात. भामा तिथे लग्नाआधीपासून काम करत होती. फळीवर कापड चिकटवणे, खडूची पूड आणि डिंक कालवून दागिन्यांना उठाव देणे, खडे बसवणे, सोन्याचा वर्ख लावणे, रंग भरणे हे सगळे तिच्याकडे होते. डोळे तेवढे नव्हते. त्या घराचा रिवाजच तसा. डोळे सर्वांत शेवटी, आणि तेही गुरूनेच काढायचे. एकदा डोळे उघडले की चित्राचा देव झाला. मग त्या डोळ्यांवर रंग चढवायचा नाही की ते खरवडायचे नाहीत.

रेघ भामाला आईने शिकवली होती. मार्गळी या थंडीच्या महिन्यात आई पहाटे दारात कोलमची रांगोळी काढी. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती हात न थांबवता वळत जाणारी पांढरी ओळ. भामाची ओळ चुकली की आई पुसू देत नसे. "तिथंच एक पान काढ आणि पुढं जा," म्हणे.

त्यानंतर हात लागला तो तुकोजीमामांचा. मामा दुकानांच्या पाट्या आणि गावोगावच्या बसगाड्यांची नावे रंगवत. शाळेच्या सुट्टीत भामा त्यांचे डबे धरून उभी राही. एक अक्षर काढून झाले की मामा तिला रस्त्यापलीकडे पाठवत. "तिथनं जे दिसत नाही ते काढलंच नाही असं समज. पाटी वाचायला कुणी थांबत नाही गा, लोक जात असतात." पुढे छापील फ्लेक्स आले आणि मामांचे ब्रश वाळले. पण मामा कुढत बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी भामाला शेषाद्रीरावांकडे नेऊन उभे केले. "हिला देव रंगवू दे. देवाला अजून फ्लेक्स चालत नाही."

शेषाद्रीरावांनी तिचे पहिले चित्र पाहिले आणि विचारले, "हा बाळकृष्ण आहे की कुंभकोणमची बस?"

मग त्यांनी तिची ठळक रेघ बारीक केली. थरावर थर द्यायला, मधे वाट पाहायला, वाळलेल्या उठावावर बोट फिरवून खोट शोधायला शिकवले. तिचा हात त्यांच्या हाताशी इतका मिळाला की कुठला दागिना कोणाचा ते त्यांनाही सांगता येईना. भामाला याचा अभिमान होता. एकदा तिच्या मुलीने, जननीने, एका चित्रापुढे उभे राहून विचारले, "अम्मा, ह्यात तुझं काय आहे?"

"गळ्यातला हार," भामा म्हणाली. उत्तर खरे होते, पण तिला ते दोन-चार दिवस टोचत राहिले.

गेल्या वर्षी पापनाशमच्या वरुणरावांनी नव्या घरासाठी लक्ष्मी सांगितली. शेतीवाडीचे घराणे, थोरल्या भावाकडे शेषाद्रीरावांची लक्ष्मी आधीच होती, धाकट्यालाही तशीच हवी होती. चित्र होत आले, डोळे राहिले, आणि नेमकी शेषाद्रीरावांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. धूळ नको, बारीक काम नको म्हणून बजावले. गृहप्रवेशाचा मुहूर्त काही हलत नव्हता.

"भामा, तू उघड," शेषाद्रीराव म्हणाले. "पण माझ्यासारखे काढ. त्यांनी माझी लक्ष्मी मागितली आहे."

बिघडले तर दुरुस्तीला जागा नव्हती. चित्र वाया, गुरूचे नाव खाली, आणि तिच्या हाती जन्मभर खडे चिकटवणे. ती रोज वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर अलमेलुबाईंचे डोळे गिरवू लागली. एकदा तर तिने अलमेलुबाईंनाच समोर बसवले. त्या बसल्या बसल्या घोरू लागल्या.

शुक्रवारी सकाळी न्हाऊन, दिवा लावून ती फळीपुढे बसली. ब्रश टेकला आणि गिरवलेले सगळे मागे राहिले. ओळ आईच्या कोलमसारखी न थांबता वळत गेली. दोन्ही डोळ्यांच्या रेघा झाल्या, बाहुल्या तेवढ्या राहिल्या, तशी ती सवयीने उठली आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाहू लागली. तिथून डोळे सोन्याच्या झगमगाटात बुडाले होते. तिने परत येऊन वरची पापणी ठळक केली, बाहुल्या थोड्या बाजूला भरल्या, पुन्हा लांब गेली. आता दिसत होते. मग कुठे तिने जवळून नीट पाहिले.

लक्ष्मी समोर पाहतच नव्हती. ती जरा तिरपी, जरा खाली पाहत होती. चुलीवर दूध ठेवून कोणी त्याच्याकडे पाहावे तशी.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, ताराबाई, तिचा घरी विसरलेला डबा घेऊन आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका त्या. घरात त्यांची खुर्ची अशा ठिकाणी असते की तिथून स्वयंपाकघर आणि पुढचे दार दोन्ही दिसावे.

"ही कोण?" त्यांनी विचारले.

"लक्ष्मी, आत्याबाई."

"मग माझ्याकडे अशी का बघते? मी काय केलं?"

अलमेलुबाई आतून आल्या, चित्र पाहिले आणि भिंतीला टेकून हसत खालीच बसल्या. "ताराबाई, तुम्ही कमळावर कधी जाऊन बसलात?"

ताराबाईंनी पदर सारखा केला आणि बराच वेळ पाहिले. "माझं नाक एवढं मोठं नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "कान बरे काढलेत."

"काय चाललंय आत?" ओट्यावरून शेषाद्रीरावांनी विचारले.

भामाने बाहेर जाऊन सगळे सांगितले. शेषाद्रीराव म्हणाले, "बाहेर आण. जवळचं मला अजून धुरकट दिसतं. लांबचं मात्र लग्नातसुद्धा एवढं स्वच्छ दिसत नव्हतं."

"म्हणून फसलात," अलमेलुबाई म्हणाल्या.

चित्र ओट्यावर ठेवले. शेषाद्रीराव गल्ली ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानाशी उभे राहिले. मधून एक ऑटो गेली, मग दुसरी. काळ्या चष्म्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते कळत नव्हते. परत आल्यावर त्यांनी विचारले, "माझ्या लक्ष्मीचे डोळे तिथून दिसतात?"

"नाही, सार. सोनं दिसतं."

"इतक्या वर्षांत बोलली नाहीस."

"तुम्ही कधी गल्ली ओलांडली नाहीत."

ते ओट्यावर बसले. "ही माझी नाही हे वरुणरावांना मीच सांगेन. घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं."

संध्याकाळी वरुणराव आणि त्यांची बायको विनुता आली. सांगायची वेळच आली नाही.

"शेषाद्रीराव, ही तुमच्या हातची नाही," वरुणराव म्हणाले.

"सोनं माझ्या देखरेखीखालचं. डोळे भामाचे."

"अण्णाकडची कशी शांत बसली आहे. ही दाराकडे लक्ष ठेवून आहे."



"ठेवू दे," विनुता म्हणाली. "आपल्या घरात कोण ठेवतं? परवा गाय थेट हॉलमध्ये आली, तुम्ही पेपर वाचत होता."

"गाय आली तर शुभच की."

"पेपरसुद्धा तिनं तुमच्या हातातलाच खाल्ला." विनुता चित्राजवळ गेली, डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. "हिच्यासमोर खोटं बोलता येणार नाही. हीच न्यायची. आणि भामाक्का, सवडीनं एक सरस्वतीही कर. मुलं अभ्यासाला बसत नाहीत, त्यांच्याकडेही असंच कोणी बघत राहू दे."

वरुणराव हसले आणि खांद्यावरची चादर चित्र गुंडाळायला पुढे केली. शेषाद्रीरावांनी त्यांना थांबवले. फळी उलटी करवली आणि ब्रश भामाच्या हातात दिला. तिने मागच्या बाजूला तमिळ अक्षरांत आपले नाव लिहिले. अक्षर जरा मोठेच आले.

गृहप्रवेशाला ताराबाई, निमंत्रण नीटसे नसतानाही, भामाबरोबर गेल्या. देवघरापुढे बायकांची गर्दी होती. एकजण चित्राकडे आणि मग ताराबाईंकडे पाहत म्हणाली, "मामी, तुमच्यासारखीच दिसते हो."

"दिसेल," ताराबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेनं काढली आहे." आणि दुसऱ्या कोणी विचारावे म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या.