डॉक्टरांचं दुसरं मानपत्र

आमच्या पांढुर्ण्यात कुणाचा सत्कार ठरला की मानपत्र लिहायला मलाच सांगतात. मी मराठीचा मास्तर होतो, अक्षर बरं आहे, आणि 'निष्काम', 'दीपस्तंभ' असले शब्द मला शोधावे लागत नाहीत. निवृत्त तहसीलदार, संत्र्याचे व्यापारी, बँकेचे मॅनेजर, सगळ्यांना मी थोर करून ठेवलं आहे. त्यातलं बरंचसं खोटं होतं आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. एका मानपत्राने मात्र माझ्याच बायकोचं काम चोराच्या नावावर केलं. चोर हा शब्द विचार करून लिहितो आहे. डॉक्टर हयात आहेत, चष्मा लावून वाचू शकतात, आणि त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

बायको सौसरची. नर्सिंग करून आली आणि गावातल्या सर्जनच्या दवाखान्यात लागली. तिथे तिला एक गोष्ट खटकली. ऑपरेशन होऊन बाहेर आलेले रुग्ण हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त कुडकुडत. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, त्यामुळे हे कुणाला खरं वाटत नसे. पण कारण साधं होतं. डॉक्टरांना घाम सहन होत नसे, म्हणून ऑपरेशनच्या खोलीत एसी पूर्ण सोडलेला. रुग्ण टेबलावर उघडा. भुलीत शरीराला आपली ऊब राखता येत नाही, त्यात शिरेतून जाणारं सलाइनही त्याच खोलीतलं, गार. वॉर्डात आणलं की नातेवाईक तयारच असत. उन्हाळ्यात रुग्णासोबत घरचा कूलर ऑटोत घालून आणायची आमच्याकडे पद्धतच होती. तो थेट त्याच्या अंगावर लावत.

तिगावहून आलेल्या एका म्हातारीच्या मुलाने तर कूलरच्या पाण्यात बर्फाची लादी टाकली होती. म्हातारीचे दात वाजत होते आणि मुलगा विचारत होता, "अजून जोरात करू का व माय?"

बायकोने कूलरचं बटण बंद केलं.

"सिस्टर, तुमी आमच्या मायले उकडून मारून राहिल्या का?"

आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांनी स्वतःच्या हाताने कूलर सुरू केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पांढुर्ण्याच्या मे महिन्यात थंडी शोधणाऱ्या तुमीच पहिल्या. उद्या सगळ्या मरीजांसाठी स्वेटर विणून आणा." वॉर्ड हसला. घरी येऊन तिने हे मला सांगितलं तेव्हा मीही हसलो. तेही इथे लिहून ठेवतो.

ती मात्र मोजायला लागली. ऑपरेशनच्या आधी ताप बघायचा, नंतर बघायचा, कुणाला कशाने फरक पडला ते दवाखान्याच्या वहीत टिपायचं. डॉक्टर हात धुवायला गेले की एसी कमी करायची. रुग्णाला आत नेण्याआधीच पांघरूण घालून गरम ठेवायची, सलाइन कोमट करून लावायची. ज्यांना ऊब मिळाली त्यांच्या जखमा लवकर भरतात, असं तिला दिसत होतं. पण दिसणं आणि सिद्ध होणं वेगळं, हे तीच मला सांगायची. मुलगा मोठा झाल्यावर ती एम.एस्सी. नर्सिंगसाठी नागपूरला राहिली आणि हाच विषय घेतला. या दवाखान्यातल्या रुग्णांवर अभ्यास करायची परवानगी मागायला गेली तर डॉक्टर म्हणाले, "माझ्या दवाखान्यात मरीज थंडे पडतात, हे तुमी जगाले सांगणार? अन् मी सही देणार?"

तिने नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पहिल्यापासून सुरुवात केली. पदवी घेतली, नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली, आणि पुढची सगळी नोकरी याच प्रश्नामागे घातली. सिझेरियनच्या बाया, म्हातारे, लहान मुलं, कुणाला किती ऊब लागते. तिचे लेख नर्सिंगच्या मासिकांत छापून आले. आमच्या गावात ती मासिकं कोण वाचतो?

डॉक्टर वाचत होते. त्यांच्या दवाखान्यात 'पहिल्या दिवशी कूलर लावू नये' अशी पाटी लागली. पुढे सर्जनांच्या एका संमेलनात त्यांनी 'आमच्या ग्रामीण दवाखान्याची पद्धत' म्हणून भाषण केलं. त्यात बायकोने त्यांच्याकडे असताना घेतलेली मोजमापं होती. तिचीच एक विद्यार्थिनी तिथे हजर होती, तिने फोन करून सांगितलं.

मग त्यांचा अमृतमहोत्सव आला. समितीने मला मुद्दे आणून दिले. त्यात होतं, 'शस्त्रक्रियेच्या रुग्णास ऊब देण्याच्या पद्धतीचे जनक.' मी ते वाचलं. मला सगळं माहीत होतं. मंचावरची खुर्ची मिळणार होती, मंत्री येणार होते, आणि मी स्वतःला समजावलं की मानपत्र कोणी मनावर घेत नाही. 'जनक' मला कोरडं वाटलं म्हणून मी 'आद्य प्रवर्तक' केलं. खणखणीत आवाजात वाचलं. बायको दुसऱ्या रांगेत, बायांमध्ये बसली होती. घरी येताना एवढंच म्हणाली, "आद्य काहून लिहिलं? नुसतं प्रवर्तक चाललं असतं."

त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

यंदा डॉक्टरांचं सहस्रचंद्रदर्शन. समितीवाले पुन्हा आले. "गुरुजी, मागच्यासारखंच फक्कड होऊ द्या."

"मागच्यापेक्षा फक्कड देतो," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा मी विशेषणं न वापरता मानपत्र लिहिलं. फार मजा आली. छापायच्या आधी कुणी वाचणार नाही याची खात्री होती, कारण कधीच कुणी वाचत नाही. मंचावर शाल झाली, श्रीफळ झालं, मी उभा राहिलो आणि वाचलं. रुग्ण थंड पडतात हे सांगणाऱ्या नर्सला आपण वॉर्डात हसलात. अभ्यासाला आपण परवानगी नाकारलीत. तिची मोजमापं आपण आपली म्हणून वाचलीत. त्यानंतर मी तिचं पूर्ण नाव वाचलं, माहेरच्या नावासकट. समितीचा सचिव माझा सदरा मागून ओढत होता.

डॉक्टरांनी माइक मागितला. "गुरुजी, मागचं मानपत्र बी तुमीच लिहिलं होतं ना?"

"हो. ते खोटं होतं. अन् तुमी ते फ्रेम करून लावलं."

ते खाली बसले. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला, पोटभर पाहिला. बातमी माझ्याआधी घरी पोचली होती; मी आलो तो बायको शाबासकी देईल या हिशेबाने. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "खरं वाचलं तुमी. पण मले विचारलं होतं का? ते बी तुमीच बोलले, हे बी तुमीच बोलले. माह्यं काम हाय ते. मले तोंड नाही का?"

मी मानपत्राचा कागद घडी करून खिशात घातला.

आठवड्याने डॉक्टरांच्या मुलाचा फोन आला. दवाखाना आता तो चालवतो. वडिलांच्या वतीने माफी मागायला घरी येतो म्हणाला. बायको म्हणाली, "घरी नका येऊ. तुमच्या सगळ्या स्टाफले एकत्र बसवा, सौसरच्या नर्सिंगच्या पोरींनाही बोलवा, मी येऊन शिकवते. अन् तुमच्या बाबांना पुढं बसवा."

डॉक्टर खरंच आले, पहिल्या रांगेत बसले. मी शेवटच्या रांगेत होतो. ती पडद्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हे काम मी या दवाखान्यात सुरू केलं. माझ्या लक्षात आलं ते असं." आणि एकदम विषयाला लागली. तक्रार नाही, टोमणा नाही. मी तिच्या जागी असतो तर सोडलं नसतं.

मध्येच डॉक्टरांनी हात वर केला. सवयच ती. सगळ्या पोरी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"प्रश्न शेवटी, सर," ती म्हणाली आणि पुढे बोलत राहिली.

डॉक्टरांनी हात खाली घेतला. ती सावकाश शिकवत होती, आणि ते थांबून होते. मी त्यांच्या मानेकडे बघत बसलो. मला फार बरं वाटलं.