विलासच्या टाचेखालचा स्विच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एवढं काय त्यात, असं स्वतःला समजावत वर्षं काढली. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल.

नव्वदच्या दशकात पंचवटीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं आणि संध्याकाळी मी एका ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळायचो. विलास तिथे गिटार वाजवायचा. सिन्नरचा. माझा खरा मित्र म्हणाल तर तो एकटाच. गिटारचा आवाज कडक करायला त्याच्या पायाशी पेडल असे — लोखंडी डबी, वर पायाने दाबायचा स्विच. तो बनवलेला बुटांसाठी. आमच्या स्टेजवर गणपतीचा फोटो, चपला खालीच काढायच्या. विलास अनवाणी टाचेने दाबायचा.

दाबून दाबून स्विच गेला. मी मुंबईहून दोन नवे मागवले. एक बसवताना ऑर्केस्ट्राचे मालक समोर बसलेले, मी बढाया मारण्यात रंगलेलो — आणि सोल्डरिंगची गन जास्त वेळ टेकली. आतलं प्लास्टिक वितळल्याचा वास आला. मला आला, मालकांना नाही. मी डबी बंद केली. का? माझ्या हातचं काम बिघडत नाही, असं सगळे म्हणायचे ना!

सायखेड्याच्या कार्यक्रमात, ऐन अंगाईत, तो स्विच अडकला. गिटार किंचाळत राहिली. लोक हसले. मालक माझ्यावर भडकले, आणि मी — मी सगळ्यांसमोर म्हणालो, "स्विच नवाकोरा आहे. याचा पाय म्हणजे बैलाचा खूर, त्याला मी काय करू?"

विलास खाली आपल्या पायाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप दुसरा स्विच नीट बसवला. तो कधीच बिघडला नाही. पण विलास आता दाबायच्या आधी खाली बघायचा. टाच भीत भीत टेकवायचा, आवाज बदलायचाच नाही, आणि हाताखालचं गाणं निघून जायचं. 'माझी चूक होती' — एवढंच तर म्हणायचं होतं. संधी मिळाली नाही म्हणू? रोज दुकानात येऊन बसायचा तो.

पुढच्या सीझनला मालकांनी दुसरा गिटारवाला आणला. विलास सिन्नरला कारखान्यात लागला. दुकानातल्या त्याच्या स्टुलावर मी जुने रेडिओ रचून ठेवले, रिकामं दिसू नये म्हणून. तरी दिसायचंच. फार एकटं वाटायचं, आणि तेही माझ्याच करणीने.

पुष्कळ वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो. त्याने मला हाताला धरून पाहुण्यांत नेलं. "हा आपला दोस्त, लय मोठा कारागीर. आपला पायच बैलाचा, नाय तर अजून वाजवत असतो."

सगळे हसले. तोही मनापासून हसला आणि मी काहीतरी बोलावं म्हणून माझ्याकडे बघत राहिला.

"बैलाचाच," मी म्हणालो.